कोंबडा की कोंबडी

जेवण झालं की सुमनचा, माझ्या बायकोचा, हात आपसूक लाडवांच्या डब्याकडे जायचा. रक्तात साखर निघाली तेव्हापासून डबा रिकामा आहे आणि या वैशाखात त्याच्या जागी करवंदांची वाटी आली आहे. आज तिने एक काळंभोर करवंद चिमटीत धरलं आणि विचारलं, "सांगा, कोंबडा की कोंबडी?"

लहानपणी डोंगरात आम्ही सगळेच हे विचारायचो. करवंद दातांनी अर्धं तोडायचं. आत लालभडक निघालं तर कोंबडा, फिकं निघालं तर कोंबडी.

"कोंबडी," मी म्हणालो. कोंबडा निघाला.

तिच्या बोटांवरचा जांभळट डाग बघता बघता दुपार विरघळत गेली आणि मला करवंदीच्या जाळ्या दिसू लागल्या. आपल्या आधीच्या माणसांनी हे पथ्य म्हणून कधी खाल्लं नसेल. ऊन तापलं, जाळी पिकली, काट्यांचे ओरखडे सोसत त्यांनी तोंडात टाकलं, एवढंच. साखरेला काही विचारावं लागत नाही, ती प्रत्येक चमच्यात तीच असते. रानातल्या फळाला मात्र दर वेळी नव्याने विचारावं लागतं.

सुमनच्या आईचे डोळे साखरेपायी हळूहळू गेले. शेवटी शेवटी त्या करवंद तोडून लेकीपुढे धरायच्या आणि विचारायच्या, "कोंबडा आहे का गं?"

वाटीत एकच करवंद उरलं. सुमनने ते तोडलं, खिडकीच्या उजेडात धरलं आणि बराच वेळ बघत राहिली.

"कोंबडा," ती सावकाश म्हणाली. "लाल दिसतोय मला."