आपणहून उतरला, म्हणे

"ताई, एक मिनिट थांबा हं. अजून सगळ्यांची जेवणं व्हायचीत."

परिषद भरवणाऱ्या डॉक्टर बाई माइकवरून हे म्हणाल्या आणि हॉल हसला. मोठ्याने नाही. नाकातल्या नाकात. मी कागद धरून उभी होते. माझ्या कवितेत नुकतीच मैल्याची टाकी आलेली.

त्या टाकीत माझा भाऊ मेला.

नितीन. माझ्याहून धाकटा. डोंबिवलीच्या एका सोसायटीत ठेकेदाराने त्याला पाइपचं काम आहे म्हणून बोलावलं आणि टाकीत उतरवलं. दोरी नाही, मास्क नाही. वर आला तो फायर ब्रिगेडच्या माणसांच्या हातांवर. सोसायटीचा सेक्रेटरी म्हणाला, "तो आपणहून उतरला. आम्ही सांगितलंच नव्हतं."

त्यानंतर माझी झोप गेली. वागळे इस्टेटला मी औषधांचे खोके पॅक करते. तिथे उभ्या-उभ्या चक्कर यायची. सरकारी दवाखान्यात गोळ्या दिल्या आणि तिथल्याच समुपदेशक प्राजक्ता मॅडमकडे पाठवलं. वयाने पोरगीच. शनिवारी आम्हा पाच-सहा बायांना घेऊन बसायच्या, कविता वाचून दाखवायच्या आणि म्हणायच्या, आता तुमचं लिहा. मी सातवी शिकलेली. आधी नुसती रडले. मग लिहिलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. छातीवरचा दगड जरासा सरकला.

म्हणून मॅडम म्हणाल्या, "ठाण्याला काव्योपचाराची परिषद आहे, कवितेनं मन कसं बरं होतं त्यावर. चला माझ्यासोबत. तिथे तुमची कविता वाचा." तेव्हा मी हो म्हटलं. असल्या ठिकाणी मी कधी गेलेली नव्हते. रविवार होता. आमच्या दिवा गावात त्या दिवशीही पाणी नव्हतं. शेजारणीकडून कळशीभर आणून आंघोळ केली, इस्त्रीची साडी नेसले.

हॉलच्या दारातल्या टेबलावर एका बाईंनी नाव विचारलं. आडनावापाशी त्यांचं पेन थांबलं.

"कुठल्या तुम्ही?"

"दिव्याच्या."

"तसं नाही, मूळच्या?"

"जालन्याकडच्या."

"अच्छा," त्या म्हणाल्या आणि काहीतरी कळल्यासारखी मान हलवली. काय कळलं ते मलाही कळलं. लहानपणापासून कळतं. वर्गात कळायचं, पाणवठ्यावर कळायचं. ठेकेदारालाही कळलं असणार. नाहीतर हाताशी एवढी माणसं असताना त्याने नितीनलाच फोन का केला?

हसणं थांबल्यावर मी उरलेलं वाचलं. चारच ओळी होत्या:

बी विंगच्या मागे झाकण आहे
माझ्या भावाला तिथून टाकीत उतरवलं
वरून म्हणाले, पटकन आटप
आता त्या झाकणावर तुळशीची कुंडी ठेवलीय

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. डॉक्टर बाई खाली माझ्याजवळ आल्या. खांद्यावर हात ठेवला. आवाज गोड, अगदी पुस्तकातल्यासारखा.

"भावना फार खरी आहे हं तुमची. पण टाकी नको. डोह म्हणा. डोह म्हटलं की प्रत्येकाला आपापलं दुःख दिसतं. आणि 'उतरवलं' या शब्दात आरोप आहे. आरोप धरून ठेवला की मन बरं होत नाही. 'माझा भाऊ डोहात उतरला.' बघा म्हणून. मोकळं वाटतं की नाही?"

समोरच्या रांगेतून कोणीतरी "वा" म्हणालं.

मला मोकळं वाटलं नाही. हेच तर सेक्रेटरी म्हणाला होता. उतरला. त्याचा आवाज असा गोड नव्हता, एवढंच.

पण मी कागदाची घडी घातली. खाली बसले. माणूस थकलं की नाही म्हणायलाही जोर लागतो. तो माझ्यात उरला नव्हता. कामावरून यायचं, स्वयंपाक करायचा, नितीनच्या लेकीला झोपवायचं आणि आपण छताकडे बघत पडायचं. ठेकेदाराची माणसं घरी खेपा घालत होती. म्हणायची, पोलिसांना सांगा, त्याचा मोबाइल आत पडला म्हणून तो उतरला, आणि मिटवा. नितीनची बायको, अर्चना, घाबरलेली. तिला मीच म्हणालेले, "मिटवू या गं. कुठवर लढणार?"

जेवताना प्राजक्ता मॅडम माझ्या शेजारी बसल्या. "मनावर घेऊ नका हं. त्या फार मोठ्या आहेत. समारोपाला स्टेजवर तुम्हाला वाचायला सांगितलंय. फक्त त्यांनी दुरुस्त केलंय तसं वाचा."

माझ्या हातात छापलेला कागद दिला. त्यात डोह होता. भाऊ आपणहून उतरला होता. बी विंग नव्हतीच. खाली माझं नाव होतं, आडनाव गाळून.

मी "बरं" म्हटलं.

स्टेजवर गेले. समोर पाहुणे, मोबाइल वर धरलेले लोक. पहिली ओळ डोळ्यांपुढे आली आणि मला नितीनचा चेहरा आठवला. धुतल्यावरही त्याच्या कानात ती घाण होती. मी माझ्या पदराने पुसलेली. तो डोह नव्हता.

"ही माझी कविता नाही," मी म्हणाले. "माझा भाऊ उतरला नाही. त्याला उतरवलं. मैल्याच्या टाकीत. ठेकेदाराने आणि सोसायटीच्या माणसांनी वर उभं राहून उतरवलं."

डॉक्टर बाई लगेच उठल्या. दुसरा माइक घेतला. "छान! बघा, राग बाहेर येतोय. येऊ द्या ताई. सगळे मिळून ताईंसोबत एक दीर्घ श्वास घेऊ या..."

आणि हॉलने डोळे मिटले. सगळ्यांनी. छात्या भरून श्वास घेतला.

"श्वास घ्यायला सांगू नका मला!" मी ओरडले. "माझ्या भावाला तिथे श्वास मिळाला नाही. हा माझा आजार नाही. ज्यांनी त्याला आत घातलं त्यांना बसवा ना इथे, त्यांना बरं करा!"

डोळे उघडले. काही जणांनी माना खाली घातल्या. एक माणूस घड्याळ बघत होता. मी तो कागद तिथेच ठेवला आणि खाली उतरले. कोणी अडवलं नाही. मागे कोणी आलंही नाही. निवेदिकेने आभार मानायला सुरुवात केली.

दारात प्राजक्ता मॅडम भेटल्या. डोळे भरलेले. "मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीत हो."

त्यांचं वाईट वाटलं. त्यांनीच मला लिहितं केलं होतं. पण माफी मागितली नाही.

शीळफाट्याला रिक्षा बदलून घरी आले. पाय दुखत होते. अर्चना दारातच होती. "ताई, ठेकेदाराचा माणूस येऊन गेला. उद्या येतो म्हणाला, शेवटचं विचारायला."

"येऊ दे. मी सुट्टी टाकते."

"काय सांगायचं?"

"मिटवायचं नाही. तू भिऊ नकोस, मी बोलते. नंतर दोघी पोलीस स्टेशनला जाऊ. वर कोण कोण उभं होतं, एकेकाचं नाव सांगू."

अर्चना पोरीला कडेवर घेऊन आत गेली आणि भाताला पाणी ठेवलं.

झोप मला अजून येत नाही. गोळ्या चालू आहेत. लिहिणंही चालू आहे. पण माझा राग मी आता कोणाकडेही उपचाराला नेणार नाही. तो मला साक्षीला लागणार आहे.