एकाच आईच्या दोघी

"ह्या दोघी एकाच आईच्या. एक इथं माझ्याशेजारी उभी आहे, दुसरी तिथं चपलांपाशी बसली आहे. फरक कसला? कष्टाचा आणि शिस्तीचा!"

वकीलसाहेब असं म्हणाले आणि धारवाडच्या त्यांच्या दिवाणखान्यात टाळ्या पडल्या. मामलेदारांनीही वाजवल्या. चपलांपाशी बसलेली ती माझी थोरली बहीण, अक्का. तिला कुणी आत या म्हटलं नव्हतं. आणि ती मेली इतकी भोळी, की टाळ्या ऐकून तीही हसली.

मी सातवी पास झाले होते. हुबळीच्या जिनात, सरकी काढायच्या गिरणीत, कापूस निवडणारी पोर पास झाली, म्हणून हा सोहळा. मास्तरणीच्या ट्रेनिंगला माझा राहण्या-जेवणाचा खर्च वकीलसाहेब करणार होते. मी फक्त चार लोकांत उभं राहायचं. "दाखव गं मुली, हाताचे घट्टे दाखव." दाखवले. बायका वाकून वाकून बघत होत्या, बाजारात वांगी बघतात तशा.

आता कष्टाचं ऐका. बाप अळणावरच्या रानात लाकडं तोडताना गेला, त्याच्यामागं आई. अक्का तेव्हा परकरात होती. जिनाचा भोंगा व्हायच्या आधी ती उठायची, दळायची, भाकरी थापायची, मग मला लाथ घालून उठवायची आणि हातात पुस्तक द्यायची. जिनात मी पुटपुटत पाठांतर करायला लागले, की माझ्यापुढचा ढीग स्वतःकडं ओढायची. मुकादम आला की म्हणायची, "तिनंच केलंय." कापसाची धूळ तिच्या छातीत बसली ती बसलीच. मी झोपाळू, कामचुकार. माझी शिस्त म्हणजे अक्काची लाथ होती.

दाराशी बसल्या बसल्या अक्काला खोकला लागला. थांबेना. वकिलीणबाई नाकाला पदर लावून म्हणाल्या, "जरा अंगणात जाऊन खोक बाई." अक्का उठली, उन्हात जाऊन उभी राहिली.

"बोल मुली," वकीलसाहेब म्हणाले. "प्रयत्नांती परमेश्वर, एवढं तरी सांग मंडळींना."

माझं डोकं फिरलं. तोंड थांबलं नाही.

"साहेब, माझ्या दुप्पट कष्ट तिनं केले. तिला कुठला परमेश्वर भेटला? तुम्ही तर तिला अंगणात काढलंत."

मागून एक बाई "कृतघ्न मेली" म्हणाली. वकीलसाहेबांनी खांद्यावरचं उपरणं सारखं केलं. आवाज चढवला नाही. "अशा मुलीच्या हाती आपली मुलं देता येणार नाहीत," एवढंच बोलले. झालं. ट्रेनिंग तिथंच संपलं.

फाटकाबाहेर अक्कानं माझ्या थोबाडीत मारली. तिनं सगळं ऐकलं होतं.

"माझं काय घेऊन बसलीस गं? मी तर संपलेच आहे. तू तरी सुटली असतीस!"

आणि भर रस्त्यात रडायला लागली. मीच म्हणाले, "अक्का, चल." हुबळीच्या वाटेला लागलो.

पुढच्या सुगीत अक्का खोकत खोकतच गेली. मी अजून त्याच जिनात आहे, तिच्याच जागेवर बसते. जीभ आवरली असती तर मास्तरीण झाले असते, अक्काला चांगल्या डॉक्टराकडं नेलं असतं. कष्टाला फळ असतं म्हणे. असेल, ज्याच्या दारात झाड आहे त्याला. मला आता काही मिळायचं नाही, हे मला माहीत आहे. छातीत माझ्याही वाजायला लागलंय.

पण शेजारच्या ढिगावर एक पोर बसते. मुकादमाची पाठ वळली की मी तिला अक्षरं शिकवते आणि तिचा ढीग माझ्याकडं ओढते. उद्या ती पास होईल. तिलाही कुणीतरी हाताचे घट्टे दाखवायला दिवाणखान्यात बोलावील. तोवर जगले, तर मी तिच्याबरोबर जाणार. आणि चपलांपाशी बसणार नाही.