चौघींत एक कादंबरी

चार बायका दर शनिवारी पुस्तकांवर भांडायला जमल्या की किस्से गोळा करावे लागत नाहीत. वाडीत झावळ्या पडतात तसे ते आपोआप पडत जातात. आमच्या मंडळात ते बहुतेक माझ्याच डोक्यावर पडले!

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. नवऱ्याची बदली झाली म्हणून मी पुण्याहून गास नावाच्या गावी आले आणि इथल्या शाळेत मराठी शिकवू लागले. (स्त्रीवादी बाईनं कुठं राहायचं हे तिच्या नवऱ्याची बँक ठरवते, हा विषय आम्ही मंडळात कधीच घेतला नाही.) ट्रंकेत साड्या कमी आणि विचार जास्त होते. इथल्या बायकांना जागं करायचं असं मी ठरवूनच आले होते. त्या रोज पहाटे चारला उठतात, हे मला नंतर कळलं.

फादरांनी चर्चमागची खोली दिली. मंडळात केळीची वाडी सांभाळणारी सुमन, दवाखान्यातली नर्स फिलोमिना, मॅट्रिक होऊन लगेच लग्न झालेली, एका पोराची आई रोझी आणि अध्यक्ष मी. मला कोणी निवडलं नव्हतं.

*

पहिल्याच शनिवारी मी भाषण ठोकलं. "नवऱ्याच्या घड्याळावर आपण किती दिवस नाचायचं?" आवाज छान लागला होता. "ही बेडी आपणच तोडायला हवी! म्हणून स्त्रीने..."

तेवढ्यात बाहेर आमच्या ह्यांच्या लुनाचा आवाज आला. बँक लवकर सुटली होती. मी पर्स उचलली आणि चहा टाकायला घरी पळाले.

पुढच्या शनिवारी मी खोलीत पाऊल टाकते न टाकते तोच फिलोमिना म्हणाली, "टीचर, आठवडाभर झोप नाय मला. स्त्रीने काय?"

ते वाक्य मी आजपर्यंत पूर्ण केलेलं नाही.

*

मग मी एक प्राचीन काव्य घेतलं. नवरा परदेशी गेलाय आणि त्याच्या विरहात राणी सुकत चालली आहे, असा प्रसंग. मी अर्धा तास कवीच्या पुरुषी नजरेवर बोलले. बाईचं दुःखसुद्धा ह्यांना सुंदर हवं असतं, वगैरे.

सुमन केळीचा घड न्याहाळावा तशी माझ्याकडे बघत होती. "ते खरं असेल हो, पण दासी ताटं घेऊन उभ्या आहेत ना? मग सुकते कशी? आमच्याकडे नवरा गल्फला गेला की बायको चांगली भरते!"

फिलोमिनाचा नवरा कुवेतला होता. तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "नाव घेऊन बोल ना!"

त्या दिवशी पुरुषी नजर बाजूलाच राहिली. दोघींचं भांडण मिटवायला फादरांना बोलवावं लागलं.

*

त्यानंतर एक आधुनिक कादंबरी निवडली. वाचनालयात प्रत एकच, आणि तिची शिवण आधीच सुटलेली. मी तिचे सरळ चार भाग केले. एकेकीनं एकेक भाग न्यायचा, शनिवारी बदलायचा. ही माझी समतावादी योजना! पहिला भाग अर्थात अध्यक्षांना.

पहिल्याच चर्चेला, भाग बदलायच्या आधी, गोंधळ उडाला. माझी नायिका मुकाट सोसणारी, फिलोमिनाची ताटं आपटणारी. सुमन तिसऱ्या भागातून थेट विचारायला लागली, "पण हिची सासू कुठंय? एवढं सगळं घरात चाललंय आणि ती गप्प?"

"सासू? ती माझ्या भागात मेली," मी म्हटलं.

"मेली? आणि मला कोणी कळवलंच नाही!"

शेवटचा भाग आधी रोझीकडे होता, मग फिरत माझ्याकडे आला. नायिका शिक्षण अर्धं टाकून नवऱ्याकडे परत जाते, त्याच्या पाया पडते आणि कादंबरी संपते. ह्या शेवटाची चिरफाड करणारा लांबलचक निबंध मी लिहिला आणि वाचून दाखवला. फिलोमिना घोरली. रोझी मात्र टक लावून ऐकत होती.

*

रोझीला बालवाडीचा कोर्स करायचा होता. रात्रंदिवस तोच ध्यास. पण तिची सासू, कतरीनबाय, अडून बसली होती. नवरा बोटीवर. म्हातारीचा शब्द म्हणजे शेवटचा.

"मी समजावते," मी छाती काढून म्हटलं आणि मुद्दे पाठ करून गेले.

कतरीनबाय ओट्यावर वाल सोलत होती. मी म्हटलं, "बाय, स्त्रीशिक्षण..."

"शिकंल गो. पोराला कोन बघंल? बस, वाल सोल."

तासाभरानं मी हातात दोन पडवळं घेऊन बाहेर पडले. पडवळाची भाजी कशी करायची तेही शिकून आले. स्त्रीशिक्षणाचं राहूनच गेलं. रोझी फाटकापर्यंत सोडायला आली. तिच्याकडे बघवेना मला.

*

शाळा उघडल्या आणि रोझी धावत आली. "टीचर, कोर्सला नाव घातलं! आय जा म्हणाली!" सासूला ती आय म्हणायची.

मी हरखूनच गेले. साहित्यानं माणूस बदलतो म्हणतात तो असा! मी मनातल्या मनात माझ्या निबंधाची पाठ थोपटली आणि म्हातारीचे आभार मानायला रोझीबरोबर तडक तिच्या घरी गेले.

कतरीनबाय ओट्यावर नातवाला पेज भरवत होती. "ये टीचर! रोझी रोज राती ती तुमची बुक वाचायची मला. कोना बाईनं लिवली?"

"बाईनं नाही, एका पुरुषानं."

"पुरुषानं? आनि एवढी समज?" तिनं पोराचं तोंड पुसलं. "शेवट तर काय लिवलाय! सून शिकायला निघते, आनि सासू पोराला मांडीवर घेऊन बोलते, जा बाय, मी हाय न. माझ्या डोल्यांत पानी आलं बघ."

मी रोझीकडे पाहिलं. ती दारात वाकून चपलेचा पट्टा लावत होती. तो काही केल्या लागत नव्हता.

"चांगलाय न शेवट?" म्हातारीनं विचारलं.

"फार चांगला, बाय," मी म्हटलं. "त्या कादंबरीची खरी नायिका सासूच!"