घायपाताचं कुंपण

मंडळी, आज आमच्या कऱ्हाटीच्या रानात मोजणी झाली.

१९३० च्या दशकात माझ्या आजोबांनी शेजाऱ्यांच्या विहिरीला खेटून घायपाताचं कुंपण घातलं. कारण एवढंच, की त्यांचे मोटेचे बैल वळताना आमच्या बांधावर पाय देत. कुंपणामुळं बैलांना वळायला जागा उरली नाही. मोट थांबली, त्यांचा मळा वाळला. आमच्या घरात ही गोष्ट हसत हसत सांगायचे.

आज हद्द निघाली ती कुंपणाच्या अलीकडं, आमच्या उसात. म्हणजे तो बांध त्यांचाच होता.

शेजारचे आबा ऐंशीच्या पुढचे आहेत. मी म्हणालो, "आबा, चूक आमची हाय."

"माझा बा मरंस्तवर ह्येच सांगत व्हता," ते म्हणाले. "आता इहीरबी बुजली. चल, च्या घे."

माझ्या पन्नास वर्षांच्या आयुष्यात आज पहिल्यांदा त्यांच्या घरात बसलो. समोर भिंतीवर त्यांच्या वडिलांचा फोटो होता. माफी त्यांची मागायची होती.

आता कुणाची मागू?