युगांडाचं दूध आणि आमचं दार

कर्वेनगरात आमची सोसायटी आणि शेजारची सोसायटी यांच्यामध्ये एक भिंत आहे आणि भिंतीत एक लहान दार. दाराशेजारच्या बाकावर रोज सकाळी एक निवृत्त गृहस्थ बसतात. त्यांचं नाव मी अजून विचारलेलं नाही. काहीही विचारलं की ते माहिती देतात, आणि ती पाऊण तासाची असते.

दाराची किल्ली सतत त्यांच्या बोटाभोवती फिरत असते. परवा ते केनिया आणि युगांडाच्या व्यापारावर घसरले होते. "अहो, शेजारी देश. युगांडाकडे दूध जास्त झालं, तर केनियानं ते अडवलं. का, तर आपल्या गवळ्यांचं नुकसान. अशानं पुढे जातील का हे लोक?"

तेवढ्यात धायरीहून येणाऱ्या भाजीवाल्या मावशी आल्या. टोपली अर्धी उरली होती आणि भिंतीपलीकडे बायका पिशव्या घेऊन उभ्या होत्या.

"काका, तेवढं दार उघडा की."

किल्ली थांबली. "नियम आहे. चांगली भाजी पलीकडे गेली, तर आमच्या लोकांनी काय खायचं? रस्त्यानं वळसा घालून जा."

मावशींनी टोपली डोक्यावर घेतली. "त्ये दूध अडवलं म्हनत हुता, त्ये कुटं हाय?"

"आफ्रिकेत. फार लांब आहे ते."

"लांब कशाला," मावशी दाराकडे बघत म्हणाल्या, "हितंच तर हाय."

त्या गेल्या. किल्ली पुन्हा फिरू लागली.

"बघितलंत?" गृहस्थ मला म्हणाले. "भूगोलाची ही अवस्था आहे."