हवेतले बारा तास

लातूरमधल्या मरणाची बातमी मला नांदेडला मेलबर्नहून कळली. सकाळी भाजी निवडत होते, तेवढ्यात आतेभाऊ मिलिंदचा फोन आला. "ताई, आई स्वयंपाकघरात खाली पडलीय. कॅमेऱ्यात दिसतेय. हलत नाही." कौसल्याआत्याच्या घरात तो कॅमेरा त्यानंच बसवला होता. तो तिकडून तिला बघायचा, तिला मात्र तो दिसायचा नाही. शेजाऱ्यांनी दार उघडेपर्यंत सगळं संपलं होतं. याला दीड महिना झाला. माझा राग अजून उतरलेला नाही, आणि उतरावा असंही वाटत नाही.

आत्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. नवरा लवकर गेला. ड्युट्या करत तिनं एकुलत्या एका मिलिंदला इंजिनिअर केलं. तो मेलबर्नला गेला तेव्हापासून त्याचं एकच पालुपद, "हैदराबादहून हवेत फक्त बारा तास, आई. आपल्या मुंबईच्या रेल्वेपेक्षा थोडंसं जास्त." मोतीबिंदूच्या वेळी बारा तास होते, मांडीचं हाड मोडलं तेव्हाही बाराच. आला नाही. लोहा, अहमदपूर करत एसटीनं मीच जायचे. एकदा त्यानं तिला तिकडं नेलं, तर तीन महिन्यांसाठी गेलेली आत्या महिन्यातच परतली. कसं होतं विचारलं तर म्हणाली, "विमानात समोर पडदा हाय. अजून किती राहिलं ते दाखवीत होता. त्याच्या घरी पोचले तर पोरगा बी तसाच... सारखं घड्याळ बघायचा."

हाड मोडून अंथरुणात होती, तेव्हा तिनं मला बजावलं होतं, "मी गेले की त्याच्यासाठी थांबू नका. परदेशातल्या लेकरांसाठी बर्फात ठेवलेली माणसं लई बघितली मी. मला न्हाई तसं पडायचं."

मी लातूरला पोचले, तर मिलिंदनं फोनवरून शीतपेटी मागवायला लावली होती. एकुलता एक आहे, थांबू या, असं सगळेच म्हणत होते. मी त्याला फोन लावला. "मिलिंद, आत्यानं थांबू नका म्हणून सांगितलंय. संध्याकाळी उरकतोय."

"ताई, तिकीट काढलंय मी! हवेत फक्त..."

पुढचं मी ऐकलं नाही. त्रिसरण-पंचशील झालं आणि अग्नी मी दिला.

तो तिसऱ्या दिवशी आला. दारातूनच ओरडला, "माझ्या आईचं तोंड बघू दिलं नाहीस! तुला काय हक्क होता?"

"तोंड तर रोज बघत होतास," मी म्हणाले. "कॅमेऱ्यात."

तो मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. मला दया आली नाही. नातेवाईक मला निर्दयी म्हणतात. म्हणोत.

दुपारी आत्याच्या खोलीत डोकावले, तर तो प्रवासातल्याच कपड्यांनिशी तिच्या पलंगावर झोपलेला. निवृत्तीनंतरही आत्या पलंग वॉर्डातल्यासारखा लावायची. चादरीचे कोपरे घडी घालून गादीखाली असे खोचायची की सुरकुती म्हणून दिसायची नाही. गेली त्या सकाळीही तिनं तो लावला होता. आम्ही कुणीच त्यावर बसलो नव्हतो. आता एक कोपरा सुटून खाली लोंबत होता. मी त्याला उठवलं, बाहेरच्या खोलीत झोप म्हणाले. तो उठून बाहेर गेला. मग मी वाकून तो कोपरा खोचला. आत्यासारखा बसेना... पुन्हा काढला, पुन्हा खोचला.