निळ्याखालचा रंग

सदाशिव रंगवाल्याने मला फसवलं. प्लास्टिकवर चालणाऱ्या रंगाची चिठ्ठी चिकटवून त्याने मला गाड्यांना मारायचा जुना रंग विकला, आणि त्या रंगाने कांबळे सरांचा पेन आतून खाल्ला. हे आधीच लिहून ठेवतो, कारण एकदा मी उजेडाविषयी आणि डोंगरांविषयी बोलू लागलो की माझा राग मवाळ व्हायला बघतो, आणि हा राग मला मवाळ होऊ द्यायचा नाही.

त्या डब्याचा वास अजून माझ्या नाकात बसलेला आहे. बंद खोलीत आठवडाभर विसरलेल्या केळ्यांना यावा तसा गोड, चिकट, घशाशी घोळणारा वास. आता मंडईत केळ्यांची गाडी दिसली तरी मी रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने चालू लागतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या पत्र्याच्या एका गाळ्यात माझं जुनं लेथ मशीन होतं. आठवडाभर त्यावर पंपांचे सुटे भाग कातायचे आणि रविवारी, शेजारचे गाळे शांत असताना, हाताने शाईचे पेन करायचे. लोक बॉलपेन वापरून फेकून देत होते त्या दिवसांत मी शाईचे पेन करतो म्हणून गल्लीत मला येडा समजत. ॲक्रिलिक प्लास्टिकच्या दांड्याला मधोमध भोक पाडायचं, आत पितळेची पातळ नळी सोल्युशनने चिकटवायची, मग बाहेरून कातून, घासून, हाताच्या उबेला यावा इतका गुळगुळीत करायचा. दांडा जाड रंगाचा असला तर आत काय आहे याची कुणाला पर्वा नसते. पण अर्धपारदर्शक दांडा मोठा चुगलखोर. आतली पितळ, सोल्युशनचे ओघळ, अडकलेला हवेचा बुडबुडा, सगळं तो उजेडाला सांगून टाकतो. म्हणून नळी बसवण्याआधी भोकाला आतून रंग द्यावा लागतो, आणि बाहेरचा रंग खरा कसा दिसणार हे त्या आतल्या, कधीच हाताला न लागणाऱ्या रंगावर ठरतं.

हा रंग निवडायची माझी स्वतःची रीत होती. घरी येणाऱ्या लग्नपत्रिका मी फेकत नसे. त्यांच्या रंगीत कागदाच्या बारीक सुरळ्या करून एका डब्यात ठेवलेल्या असत. भोक पाडलेल्या दांड्यात एकेक सुरळी सरकवायची आणि दारात जाऊन सकाळच्या उन्हात धरायची. कुणाच्या तरी हळदीचा पिवळा, कुणाच्या मांडवाचा गुलाबी त्या दांड्याच्या आत जाऊन बसे, आणि बाहेरचा हिरवा किंवा तांबडा एकाएकी वेगळंच बोलू लागे. कागदात जो रंग ठरला, तो मग रंगात कालवायचा. घाई करायची नाही, एवढाच त्यातला नियम.

त्या वर्षी गारगोटीचे कांबळे सर निवृत्त होणार होते. आम्हा जुन्या विद्यार्थ्यांचं ठरलं की सरांना पेन द्यायचा, आणि तो मारुतीनेच, म्हणजे मीच, करायचा. मी नववीतच शाळा सोडली होती. तेव्हा सरांनीच कोल्हापुरातल्या एका फौंड्रीतल्या ओळखीच्या माणसाला चार ओळी लिहून दिल्या होत्या. ती चिठ्ठी खिशात घालून मी या शहरात उतरलो, आणि पुढे जे काही स्वतःच्या हिमतीवर केलं म्हणून मी मिरवतो, त्याच्या बुडाशी निळ्या शाईतल्या त्या चार ओळी आहेत. तो पेन बिघडणं मला परवडणारं नव्हतं.

सरांना निळा आवडे. निळा पारदर्शक दांडा मी खास मागवला, आणि मग तीन रविवार तो निळा माझ्याशी भांडत राहिला. उघड्या पितळेवर तो डबक्यातल्या पाण्यासारखा हिरवट झाला. पांढऱ्यावर कपड्यांना घालायच्या निळीसारखा भडक. काळ्यावर मेलाच. रुपेरीवर खोकल्याच्या औषधाच्या बाटलीची कळा आली. तेव्हा मला नववीच्या वर्गाची खिडकी आठवली. तिच्यातून भुदरगडाकडचे डोंगर दिसत, आणि भूगोल शिकवता शिकवता सर एकदा म्हणाले होते की डोंगर निळा नसतो, मधल्या हवेचा निळा आपण डोंगरावर टाकतो. जवळ गेलं की तिथे नुसती माती आणि गवत असतं. मी सुरळ्यांचा डबा उपसला. वारणानगरच्या कुण्या नात्यातल्या लग्नाची एक पत्रिका होती, राखाडी, त्यात जांभळ्याची जेमतेम झाक. तिची सुरळी आत सरकवली आणि दारात आलो. सकाळचे नऊ-साडेनऊ झाले असतील. माझ्या दोन बोटांच्या चिमटीत, पाच इंची दांड्यात, भुदरगडाचा डोंगर उभा होता.

काळ्या-जांभळ्याचे थेंब माझ्याकडे होते, पण ते ज्यात कालवायचे तो पांढरा संपला होता आणि समारंभ चार दिवसांवर आला होता. सदाशिवचं दुकान स्टेशनकडच्या एका गल्लीत. प्लास्टिकवर चालणारा सौम्य रंग तो ठेवतो हे मला ठाऊक होतं, आधीही तिथूनच नेलेला होता. त्याने सांगितलेला भाव ऐकून माझं डोकं फिरलं आणि आमची जुंपली. घासाघीस माझ्या रक्तात आहे. भाजी घेताना, भंगार विकताना, डॉक्टरची फी देतानासुद्धा मला ती केल्याशिवाय चैन पडत नाही. त्या झटापटीत मी म्हणालो, "भोकाच्या आत लावायचाय रंग. आत कोण बघतंय?"

सदाशिवने माझ्याकडे क्षणभर पाहिलं, भाव कबूल केला आणि आत गेला. बऱ्याच वेळाने डबा घेऊन आला. डबा हातात घेताना चिठ्ठीचा खळीने ओलसर कोपरा माझ्या अंगठ्याला चिकटला. गाळ्यावर येऊन झाकण उचकटलं तेव्हा तो केळ्यांचा वास अंगावर आला. सौम्य रंगाला असा वास नसतो, त्याला स्पिरिटची हलकी झुळूक असते. दोन्ही खुणा मला दिसल्या, कळल्या, आणि मी त्या बाजूला सारल्या. घाई होती हे खरंच. पण त्याहून खरं म्हणजे मी भाव पाडून आलो होतो, आणि जिंकून आणलेला डबा खोटा आहे असं मानायला माझं नाक तयार नव्हतं.

समारंभात सरांनी पेन उन्हात धरला आणि बोटांत फिरवून पाहिला. मग हसून म्हणाले, "आरं, ह्यो तर खिडकीतला डोंगर." एवढं त्यांनी ओळखलं.

दिवाळीनंतर गारगोटीला गेलो तेव्हा सरांच्या टेबलावर तो पेन होता. ओळखू येईना. गाड्यांच्या रंगातल्या कडक थिनरने ॲक्रिलिकला आतून केसाएवढ्या चिरा पाडल्या होत्या, आणि त्या चिरांमधून पिवळट रंग वर आला होता, पिकलेल्या गळवाच्या तोंडाशी दिसतो तसा. माझ्या डोंगरात पू झाला होता. पेन मधोमध हलू नये म्हणून सरांनी त्याला पांढरा दोरा गुंडाळला होता, शिवणकामाचा, नेटका, वेढ्याला वेढा लावून.

"झ्याक लिहितोय की," सर म्हणाले. "दोऱ्यानं पकड बी बरी येतीया."

मला त्या खोलीत बसवेना. कोल्हापूरला परतताच ब्लेड घेऊन डब्यावरची चिठ्ठी खरवडली. खाली दुसरी चिठ्ठी निघाली, ट्रकच्या चित्राची. डबा काही अर्धपारदर्शक नसतो.

सदाशिवसमोर तो डबा आदळला तेव्हा दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती. त्याने चिठ्ठी पाहिली, तोंडातला मावा गालाकडे सरकवला आणि म्हणाला, "पावणं, तुमीच म्हनलासा की, आत कोन बघतंय." गिऱ्हाइकं हसली. डबा बदलून न्या म्हणाला. मी नेला नाही.

त्या उत्तराची मला अजून किळस येते, कारण शब्द माझेच होते. पण घासाघिशीत बोललेलं दोघांनाही खोटं म्हणून माहीत असतं. तो म्हणतो परवडत नाही, मी म्हणतो माल फालतू आहे. ती एक कुस्ती आहे आणि तिला तिचे नियम आहेत. भाव ठरला की बोलणं संपतं आणि वस्तू सुरू होते. तिथे चिठ्ठीवर जे लिहिलं ते डब्यात असलं पाहिजे. माझं खोटं हवेत होतं. त्याने ते डब्यात भरलं.

पुढच्या रविवारी मी पुन्हा गारगोटीला गेलो आणि सरांना सगळं सांगितलं: ओला कोपरा, वास, भाव पाडल्याचा आनंद. सरांनी ऐकून घेतलं. "वास आलता, मग तवाच का न्हाई थांबलास?" एवढंच विचारलं, आणि माझ्याकडे असलेलं उत्तर मी नुकतंच देऊन बसलो होतो. नवा करून देतो म्हटलं तर नको म्हणाले. दोरा गुंडाळलेला पेन त्यांनी सदऱ्याच्या खिशाला लावला आणि मला एस.टी. स्टँडपर्यंत सोडायला आले. वाटेत डोंगर दिसत होते, निळेच. मधल्या हवेत काय मिसळलं आहे ते इतक्या लांबून कळत नाही.

डबा माझ्या गाळ्यातल्या फळीवर आहे, दोन्ही चिठ्ठ्यांसकट. सदाशिव, माझ्या वाट्याचं उत्तर मी देऊन आलो. मला पैसे नकोत, नवा डबा नको. गारगोटीची एस.टी. धर, सरांच्या समोर बस, त्या दोऱ्याचे वेढे एकेक करून सोड, आणि आत कोण बघत होतं ते त्यांना सांग.